शीताईंचा फवारा

ताई सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभ्या असायच्या आणि त्यांचा पहिला शब्द असायचा, "शी!" कुणाच्या केसांना तेल, कुणाच्या हाताला कांद्याचा वास, कुणाच्या नखात कालचं जेवण. नाक मुरडून त्या आमचे हात उलटेसुलटे बघायच्या, त्यांवर स्पिरिटचा फवारा मारायच्या आणि मगच आत सोडायच्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आलेल्या माझ्या मार्गदर्शक सरांनाही त्या दारातून परत पाठवायच्या. आम्ही पाठीमागे त्यांना शीताई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचीही त्यांना शिसारी होती.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या तंत्रज्ञ होत्या. कर्करोगाच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या, एक दिवसाआड त्यांचं गुलाबी खाद्य बदलायचं, हे त्यांचं काम. दिवाळीतसुद्धा आर्णीजवळच्या तांड्यावरून पहिल्या एसटीनं येऊन त्या खाद्य बदलून जायच्या. एवढं काय त्यात, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मुकं हाय वं ते. घाणीत ठेवलं तं घाणीतच जगते, मरतानाही सांगत नाही. आपणच पाहा लागते." एखाद्या बाटलीची जराशी शंका आली की त्या तीत ब्लीच ओतायच्या आणि रजिस्टरमध्ये लिहायच्या, 'खराब. फेकली.' अक्षरंसुद्धा रागावलेली दिसायची.

माझ्या पीएचडीचं ते शेवटचं वर्ष. घाटंजीला आमच्या शेतात कापूस वेचायला माणसं मिळेनात, म्हणून रविवारी मीही वेचायला गेले. सोमवारी तोच स्कार्फ डोक्याला गुंडाळून स्कूटीवर थेट लॅबमध्ये. ताई तांड्यावरच्या लग्नाला गेल्या होत्या. दारात तपासणारं कुणी नव्हतं. मी स्कार्फ न सोडताच खाद्य बदलायला माझ्या बाटल्या उघडल्या.

गुरुवारी ताईंनी बाटल्या उजेडात धरल्या. बारापैकी दहांमध्ये पांढरे पुंजके तरंगत होते. बुरशी. माझ्या खुर्चीवरचा स्कार्फ त्यांनी चिमटीत उचलला. त्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते.

"शी वं पोरी! वावर घेऊन आली का इथं?" मग जरा मऊ झाल्या. "फेक सगळं. त्या दोनही फेक, एकाच बाटलीतलं खाद्य हाय सगळ्यायले. मी हाय ना, नव्यानं लावून देईन तुले."

नव्यानं म्हणजे सहा महिने. सर त्याआधी निवृत्त होणार होते, आणि मार्गदर्शक बदलला की प्रबंध कसे रखडतात ते मी पाहिलं होतं. सर म्हणाले, "दोन स्वच्छ दिसतात ना? त्यांचेच आकडे घे. बाकीचं कुठं लिहायचं नाही." फक्त ताईंनी बाराही बाटल्यांपुढे 'खराब' लिहिलेलं रजिस्टरचं पान आड येत होतं, आणि ताई ते फाडू देईनात.

सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. खर्र्याचा वास, टेबलाखाली पिचकाऱ्यांचा डबा. ताई माझ्याकडे वळल्या. "तू सांग सरायले. तुह्या डोळ्यानं पाह्यलं ना?"

मी खाली बघत म्हटलं, "सर, मला तर बुरशी दिसली नाही."

ताई शी म्हणाल्या नाहीत. सरांनी पान फाडलं तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी दारात मी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. ताईंनी ते बघितले नाहीत. फवाऱ्याची बाटली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "तुमचं तुम्हीच मारून घ्या, मॅडम." आठवड्याभरात त्यांना भांडारात पाठवलं. मी भेटायला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

आज माझ्या नावामागे डॉक्टर लागलंय. विद्यार्थ्यांचे हात मी दारात उलटेसुलटे करून बघते, नाक मुरडते, फवारा मारते. शेवटी स्वतःच्या हातांवर मारते, कोपरापर्यंत. किळस जात नाही. ताईंची 'शी' फक्त धुऊन निघणाऱ्या घाणीसाठी होती.