कोंडाजीची रडकी मोटार

पोलादपूरच्या खोऱ्यात कोंडाजीइतका हौशी शेतकरी नव्हता, आणि त्याच्याइतका हट्टीही दुसरा कोणी नव्हता. नदीकाठची भाताची खाचरं घरची, आणि दावणीला बैल असे की महाडच्या बाजारात माणसं वळून बघत. त्या बैलांना तो रोज संध्याकाळी सावित्री नदीवर नेऊन स्वतःच्या हाताने धुवायचा. खूर घासायचा, कान आतून पुसायचा. “पोरांच्या कानात मळ राह्यला तर चालतोय, बैलाच्या कानात नाय चालत,” असं त्याची बायको राहीबाई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

अशा माणसाच्या अंगणात एक दिवस मोटार आली. धाकटा भाऊ गोमाजी मुंबईत एका शेठची गाडी चालवायचा. शेठने नवी मोटार घेतली तेव्हा जुनी गोमाजीने भावासाठी मागून घेतली, घरी आणून पोचवली आणि कोंडाजीला चालवायलाही शिकवली. कापडी टपाची, पितळी भोंग्याची ती मोटार बघायला डोंगरावरच्या वाड्यांतूनही माणसं उतरली.

पण कोंडाजीने मोटार मिरवायला घेतली नव्हती. घेतली होती आईसाठी. प्रयागबाईचं माहेर आंबेनळीच्या घाटाच्या वर. गुडघे धरल्यापासून तिला डोंगर चढवेना, बैलगाडीचे हादरे सोसवेनात. माहेरच्या देवीची ओटी भरायची किती वर्षं राहून गेली होती, आणि तिकडे तिचा एकुलता भाऊ मालोजी म्हातारा होत चालला होता. पाठच्या भावाला एकदा डोळे भरून बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. ती बोलून दाखवत नसे, पण संध्याकाळी ओटीवर बसली की तिची नजर घाटाकडेच असायची. कोंडाजीला ते बघवत नसे.

नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, प्रयागबाई नवं लुगडं नेसून गाडीत बसली. कोंडाजीने अंगणातून बाहेर पडायला स्टिअरिंग वळवलं मात्र, पुढच्या चाकांपाशी कुर्रर्र करून असा लांबलचक आवाज निघाला की शेजारची कुत्री उठून उभी राहिली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच.

“थांबव रे,” प्रयागबाई म्हणाली. “उतरव मला.”

“आये, जुनी गाडी हाय. करतेय थोडी कुरकुर.”

“कुरकुर कसली? रडतेय ती. पोर रडते ती सासरी जाताना. माहेरी रडत कोण जातं रे? मी नाय यायची असल्या गाडीतून.”

ती उतरली ती उतरलीच. ओटीचं सामान पुन्हा फडताळात गेलं.

कोंडाजी तडक महाडला गेला. तिथे महिपत मिस्त्री मोटारींची कामं करायचा. त्याने गाडीखाली शिरून चाकं वळवणारे सांधे बघितले, त्यांत ग्रीस भरलं आणि म्हणाला, “कोरडे पडले होते. आता बघा.” आवाज बंद! कोंडाजी गाणी म्हणत घरी आला. पण आईला म्हणाला, दोन दिवस चालवून खात्री करतो, मग निघू. दोन दिवसांनी खात्री झाली ती अशी, की पोलादपूरच्या बाजारात वळताना गाडीने पुन्हा गळा काढला.

मग हे नेहमीचंच होऊन बसलं. महाडला जावं, ग्रीस भरावं, हसत यावं, आणि चार दिवसांत तोंड पाडून पुन्हा महाडचा रस्ता धरावा. महिपत डोकं खाजवायचा. “कोंडाजीराव, गाडीला करता तरी काय तुम्ही?”

“मी? माझ्यासारखी निगा कोण राखत नाय या खोऱ्यात,” कोंडाजी छाती काढून सांगायचा.

लोक आता त्याला लांबूनच ओळखत. “आली बघ रडूबाई,” म्हणत. त्याने लिंबू-मिरची बांधली, राहीबाईने दृष्ट काढली. कोंडाजी वरून हसायचा, पण आतून जळत होता. आईला माहेरी न्यायचा शब्द दिला होता आणि तो या लोखंडापायी खोटा ठरत होता.

शिमग्याला गोमाजी रजा घेऊन आला आणि नेमका तेव्हाच कोंडाजी हिवतापाने आडवा झाला. नुकतंच ग्रीस भरून आणलेली गाडी गोमाजीच्या हाती गेली. तो औषध आणायला महाडला, पाहुण्यांना सोडायला पोलादपूरला, अशा फेऱ्या मारत होता. घोंगडीखालून कोंडाजी कान देऊन ऐकायचा. गाडी अंगणात वळायची, पण आवाज नाही. उद्या रडेल, परवा रडेल म्हणून वाट बघितली. नाहीच रडली.

ताप उतरला तसा तो काठी टेकत अंगणात आला आणि गाडी बघून भडकला. चाकं धुळीने माखलेली, सांध्यांवर काळं मेणचट थापलेलं. “गोमा, लाज नाय वाटत? इतके दिवस मुक्या जिवाला अंघोळ नाय?”

“मुंबईत गाडी धुवायला येगळा माणूस असतोय, दादा,” गोमाजीने बसल्या जागी सांगून टाकलं.

अशक्त अंगानेच कोंडाजीने गाडी नदीवर नेली. रोजच्यासारखी उथळ पाण्यात उभी केली. रिठ्याचा फेस केला, घासायला नारळाची किशी घेतली आणि पुढच्या सांध्यांतला काळा मळ बोट घालघालून, बैलाचे कान साफ करावेत तसा काढला. लखलखीत झाली. मग ऐटीत बसून त्याने गाडी काठावर घेतली, स्टिअरिंग वळवलं.

कुर्रर्र!

कोंडाजीने गाडी थांबवली. स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. नखांपर्यंत काळे झाले होते. त्याने तो काळा मळ बोटांवर चोळला, नाकाला लावला. महिपतच्या दुकानातला वास! ज्याला इतके महिने घाण समजून नदीत सोडलं, ते महिपतने भरलेलं ग्रीस होतं. गाडीला रडवत होती ती त्याचीच माया. आधी त्याला भयंकर लाज वाटली. मग तो एकटाच इतक्या मोठ्याने हसला की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका बघत राहिल्या.

महिपतकडून त्याने ग्रीसचा डबाच आणला. सांधे भरले, भरपूर भरले. गाडी धुवायची ती वरून, सांध्यांना पाणी लावायचं नाही, असा घरात हुकूम निघाला. पंधरवडा गाडी वळवून वळवून दमवली, तेव्हा कुठे त्याने आईला हाक मारली.

आंबेनळीचा घाट म्हणजे नुसती वळणं. पहिल्या वळणाला प्रयागबाईने डोळे मिटून घेतले. दुसऱ्याला एक उघडला. पुढे पुढे तर ती प्रत्येक वळणाला पोराच्या पाठीवर थाप देऊ लागली. घाटात इंजिनाची घरघर तेवढी होती. गाडी गुमान वळत होती, आणि कोंडाजी राजासारखा ताठ बसला होता.

माहेरच्या दारात सगळं गाव गोळा झालं. मालोजीची बायको ठमाबाई, रीतच आहे म्हणून, गाडीच्या चाकांवर ओतायला पाण्याची कळशी घेऊन धावत आली. कोंडाजीच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत प्रयागबाई कडाडली, “वयनी, चाकावर पानी नको गो! माज्या पायांवर घाल!”

पायांवर पाणी पडलं. मालोजी काठी टाकून बहिणीच्या गळ्यात पडला, आणि प्रयागबाईला जो हुंदका फुटला तो थांबेना.

“आये,” कोंडाजी म्हणाला, “माहेरी रडतं का कोण?”

“पोचून रडतेय रे,” ती म्हणाली. “वाटंत नाय रडले.”

कोंडाजीने पितळी भोंगा दाबला तो दाबतच राहिला. दोन वाड्यांपलीकडे ऐकू गेला म्हणतात.