पान कुणी उलटायचं

"पान मी उलटीन. तू हात लावायचा नाहीस."

बाई व्हरांड्यात खुर्चीवर. पुस्तक त्यांच्या मांडीवर. मी खालच्या पायरीवर उभी. वय दहा.

ईशा, निहार, हे तुमच्या बाबालाही मी कधी सांगितलेलं नाही. देहूरोडला एका साहेबांच्या बंगल्यावर माझी आई झाडलोट करायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायची. बाईंकडे काचेचं कपाट होतं, पुस्तकांनी भरलेलं. मी काचेला नाक लावून उभी असायची. एकदा त्यांनी विचारलं, "वाचता येतं?" मी होकाराची मान हलवली. तेव्हापासून दुपारी अर्धा तास त्या पुस्तक उघडून बसायच्या. उपकार म्हणूनच. पुस्तकाचं तोंड त्यांच्याकडे असायचं. मी समोर उभी राहून उलटी अक्षरं वाचायची. तशी वाचायला मी शिकले.

माझं पान आधी संपायचं. मी थांबायची. त्यांना डुलकी लागली की वाक्य अर्ध्यात राहायचं.

आमच्या घरानं धम्म स्वीकारून काही वर्षं झाली होती. बाईंच्या लेखी आमचे हात तेच होते.

एका दुपारी वारा सुटला. पान फडफडलं. मी बोट ठेवलं. नुसतं एक बोट.

बाईंनी पुस्तक मांडीवरून ढकललं. आईला हाक मारली. "आता हे घरात कसं ठेवू मी? तूच सांग." आईनं पदर पुढे घेतला. "चुकलं बाई. लेकरू हाय." पुस्तक पायरीवर पडलं होतं. "ने आता, बाटलंच आहे," त्या म्हणाल्या. मी उचललं नाही. पण बोललेही नाही. त्या पुस्तकातल्या गोष्टीचा शेवट मला आजही माहीत नाही.

पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. चिंचवडच्या एका कंपनीत टूल स्टोअरला लागले. तिथली रीत तुम्हाला सांगते. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले असायचे. गेज, म्हणजे मोजमापाचं हत्यार, न्यायचं, तर त्या गेजच्या खिळ्याला आपला बिल्ला लटकवायचा. परत आणलं की बिल्ला काढून घ्यायचा. रिकामा खिळा नाही. वस्तू तरी असेल, नाहीतर ती कुणाकडे आहे ते कळेल. तीस वर्षं मी ते सांभाळलं. ऑपरेटर म्हणायचे, "मॅडम, एकवेळ बायकोला विसरू, तुमच्या खिळ्याला नाही."

घरातली पुस्तकंही मी तशीच लावली. पहिल्या पानावर माझं नाव, तारीख, क्रमांक. कपाटाला कुलूप नाही. शेजारची मुलं पुस्तक नेताना खिळ्याला बिल्ला लावून जायची. कंपनीनं मोडीत काढलेले बिल्ले मी मागून आणले होते. पुस्तक माझं होतं, म्हणून मला ते देता येत होतं. एवढं साधं होतं ते.

मग तुमचे आजोबा गेले. बाबा तिकडे परदेशात स्थिरावला. मी पुनावळ्याच्या या फ्लॅटमध्ये एकटी. अकराव्या मजल्यावर. डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग आला. छापील ओळ मधूनच नाहीशी व्हायला लागली. तेव्हा ईशा, तू पडद्यावर पुस्तकं वाचायचा तो रीडर पाठवलास. अक्षरं हवी तेवढी मोठी होत. चार वर्षांत मी सेहेचाळीस पुस्तकं विकत घेतली. वहीत नोंद आहे. आपलं खातं एकच होतं. तू तिकडे ओळीखाली रेघ मारलीस, की ती माझ्या पडद्यावर दिसायची. कडेला तू लिहायचीस, "आजी, हा माणूस खोटं बोलतोय, बघ तू." मी लिहायची, "मला तिसऱ्या पानालाच कळलं होतं." फोनवर तू दहा मिनिटं असायचीस. पुस्तकात दिवसभर. या घरात दुसरा आवाज तेवढाच होता.

या वर्षी तो रीडर बंद पडला. मी दुसऱ्या कंपनीचा आणला. पडदा मोठा, आणि कडेला पान उलटायचं बटण. माझी बोटं कापतात. जुन्याच्या पडद्यावर बोट फिरवलं की चार पानं एकदम पुढे जायची. हा मला हवा तसा होता. मी निवडलेला.

एकही पुस्तक उघडलं नाही. "या उपकरणावर परवानगी नाही."

मी वही घेतली, पावत्यांचे कागद क्रमानं लावले, आणि रिक्षानं, पुस्तकं जिच्याकडून घेतली त्या जुन्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरची मुलगी बोलायला गोड होती.

"आजी, पुस्तकं तुमची नसतात ती. तुम्ही फक्त वाचायची परवानगी घेतलेली असते."

"'खरेदी करा' असं बटण होतं."

"बटणावर तसंच लिहितात हो."

मी वही पुढे केली. सेहेचाळीस नोंदी. तिनं हसून साहेबाला बोलावलं. त्यानं वही उघडलीसुद्धा नाही.

"मॅडम, आमचं पुस्तक दुसऱ्या मशीनवर टाकणं म्हणजे पायरसी. चोरीच म्हणा ना. आज तुम्ही मागाल, उद्या सोसायटीत वाटाल."

मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "ओ आजी, मालिका बघा की निवांत. डोळ्यांना कशाला त्रास?" हशा झाला. मुलगीही हसली.

मी बहात्तर वर्षांची. तीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक गेज हरवलं नाही. मला चोर म्हटलं, आणि सगळे हसले.

मग साहेब मऊ झाला. "आमचं नवीन मशीन घ्या ना. पाच मिनिटांत सगळं परत येईल. खुणांसकट."

खुणांसकट. ईशा, खोटं कशाला सांगू? मी पर्समधून पेन काढलं. त्या मशीनला बटण नव्हतं, तरी काढलं. तुझ्या रेघांसाठी.

नवीन मशीनचा फॉर्म काउंटरवर मुलीकडे तोंड करून पडला होता. मी भिंग धरलं. तो फिरवायची मला गरज नव्हती. उलटा वाचला. कंपनी केव्हाही, कारण न देता, पुस्तक परत घेऊ शकते. वाचन कंपनीनं मान्य केलेल्या यंत्रावरच.

"एवढं कुणी वाचत नाही, मॅडम. खाली सही करा फक्त."

"मी वाचते."

आणि मला तो व्हरांडा दिसला. ती पायरी. बाईंची मांडी. बासष्ट वर्षांनी मी परत तिथेच उभी होते, आणि या वेळी पैसे मोजून. पान आता कंपनी उलटणार होती.

मी पेनचं टोपण लावलं. रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "दाम देऊन घेतलेल्या पुस्तकाचं पान मी दुसऱ्याच्या हातानं उलटणार नाही. नको तुमचं मशीन."

कुणी हसलं नाही. कुणी बाजूही घेतली नाही. "नेक्स्ट," साहेब म्हणाला.

ती मुलगी जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "आजी, अशा पुस्तकांचं कुलूप काढून देणारे असतात. नंबर देऊ?"

"माझं पुस्तक मी चोरून का उघडू, बाळ?"

मी रिक्षात बसले. हे सांगायला त्या वेळी घरी कुणी नव्हतं. तुमच्याकडे तेव्हा सगळे झोपलेले.

आता माझ्याकडे त्या सेहेचाळीसमधलं काहीही नाही. तुझ्या खुणाही नाहीत, आणि त्याचं दुःख रोज आहे. फळीवर मी एक रिकामा खिळा ठोकला. एका पितळी बिल्ल्यावर त्या कंपनीचं नाव कोरलं आणि लटकवला. पुस्तकं कुणाकडे आहेत ते दिसलं पाहिजे.

बाबाला सांगा, त्या कंपनीचं मशीन मला भेट म्हणून पाठवू नका. आलं तर परत करीन. यापुढे मी कागदाचं पुस्तक घेईन, नाहीतर पडद्यावरचं, पण ज्याला असलं कुलूप नाही असं. तसे विकणारे थोडे आहेत; मी शोधून यादी केली आहे, सोबत जोडते. ती पुस्तकं माझ्या बटणाच्या रीडरवर उघडतात, आणि माझ्यामागे तुमच्या कुठल्याही यंत्रावर उघडतील. ईशा, तुला खूण करायची असेल तर कागदावर लिहून पाठव. उशीर लागला तरी चालेल.

यादीत नसलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. ती मी कागदावर भिंगानं वाचते. दिवसाला दोन पानं होतात. दोन्ही मीच उलटते.