जपान्याची पाठ लागली

त्या दुष्काळात तालमीच्या हौद्यातल्या मातीवर शिंपायला पाणी नव्हतं, म्हणून तालीम बंद होती. मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीत कामाला होतो. तिथं टीव्ही होता. मी सोलापूरहून भाड्यानं व्हिडिओ आणला आणि जपानी कुस्त्यांच्या जुन्यापान्या कॅसेट आणल्या. दुपारी दुधाचे कॅन रवाना झाले की वस्ताद आणि त्यांचे पठ्ठे टीव्हीपुढं येऊन बसायचे.

पण एक कुस्ती शेवटपर्यंत बघू दिली असेल तर शपथ! एखाद्या जपान्याची पाठ जमिनीला लागली की वस्ताद हात वर करायचे. "झाली कुस्ती. चितपट. दुसरी लावा."

"वस्ताद, तिथं तीन मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. उठतोय बघा तो," मी चिडून म्हणायचो.

"पाठ लागल्यावर उठतंय? लाज न्हाय व्हय त्याला?"

पठ्ठे हसायचे. मी कॅसेट बदलायचो.

आता म्हातारपणी त्याच कुस्त्या मी मोबाईलवर पुन्हा बघतो, पुरत्या. हरले म्हणून आम्ही सोडून दिलेले कितीतरी गडी पुढं उठून जिंकले होते. हे ऐकायला वस्ताद राहिले नाहीत. त्यांची स्वतःची पाठ ऐन पंचविशीत एकदाच लागली होती, येरमाळ्याच्या फडात. त्यानंतर त्यांनी कधी लंगोट कसला नाही, जन्मभर दुसऱ्यांनाच शिकवलं.

पंच खाली वाकून आकडे मोजायला लागला की मला वस्ताद आठवतात. त्यांच्यासाठी कुणी एकसुद्धा मोजला नव्हता.