किल्ली हरवली कशी?

विरारला फुलपाड्यातल्या भूपेशकडे किल्ली बनवायला जायचं तर माणसानं हाताशी थोडा वेळ ठेवूनच जावं. किल्ली चटकन होते, वेळ जातो तो त्याच्या चौकशांत. गिऱ्हाईक टपरीपुढे उभं राहिलं की ह्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हरवली कशी?" गिऱ्हाईक म्हणतं, हरवली म्हणजे हरवली. तेवढ्यावर भूपेशचं पोट भरत नाही. शेवटची कधी पाहिली, कुठल्या खिशात होती, तेव्हा घरात कोण कोण होतं, असं एकेक विचारत तो कानस चालवत राहतो. चोराला किल्ली करून द्यायची नाही म्हणून विचारावं लागतं, असं तो सांगतो. ते खरंही आहे. पण चोर आहे की मालक, हे त्याला पहिल्या दोन वाक्यांत कळलेलं असतं. पुढची सगळी निव्वळ हौस. "तू किल्लीवाला कमी आणि पंचाईतवाला जास्त," असं त्याची बायको रीमा चारचौघांत म्हणते आणि तो दात काढून हसतो.

ही खोड बापाकडून आलेली. वडील कोकणातून विरारला आले ते छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करत. किल्ली हरवलेली वेगळी, मोडलेली वेगळी आणि रागानं फेकलेली वेगळी, असं ते शिकवायचे. मोडली असेल तर कुलूप जड आहे, फेकली असेल तर घरात भांडण आहे, तेव्हा आपण लवकर काम उरकून निघावं. भूपेश हुन्नर शिकला, पण लवकर निघायचं तेवढं काही शिकला नाही. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर मुंबईची पोरं यायची, फोटो काढायच्या नादात बाइकच्या किल्ल्या डोहात घालवायची, आणि भूपेश तिथे स्कूटर घेऊन हजर. एका बाईच्या कपाटाची किल्ली मेथीच्या जुडीबरोबर फ्रीजमध्ये गेली होती. एकीची, मुलीच्या रुखवतातून थेट व्याह्यांच्या घरी पोचली होती. असली प्रत्येक हकिकत त्याला तोंडपाठ. ज्या किल्लीची हकिकत कळली नाही ती त्याला दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखी छळत राहते.

दिवाळीच्या आधी हितेश त्याच्या टपरीवर आला तेव्हा भूपेशचे कान टवकारले ते ह्याच कारणानं. हितेश फुलपाड्यातच फ्लॅटमध्ये राहतो, बँकेत नोकरीला आहे. मूळ घर कामणच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात. तिथे त्याचे वडील काळूराम एकटेच असतात. आई जिजा गणपतीच्या आधी गेली.

"जुनी मारुती आहे, आईची. किल्ली हरवलीय," हितेश म्हणाला. "रविवारी गावी येशील का? आणि येताना घराला लावायला एक दणकट कुलूपपण आण."

"हरवली कशी?"

"तेच तर कळत नाय ना यार," हितेश म्हणाला आणि स्टुलावर बसला. "बाबांकडे असायची. आता विचारलं तर कधी म्हणतात देवघरात ठेवली, कधी म्हणतात भाताच्या कणगीत. सगळीकडे शोधलं. आज किल्ली विसरले, उद्या गॅस चालू ठेवून झोपतील. मग? गाडी विकतोय, घराला कुलूप लावतोय, बाबांना इकडे घेऊन येतोय."

"ते यायला तयार आहेत?"

हितेश म्हणाला, "तेपण घाबरलेत. म्हणतात, माझं डोकं गेलं असेल तर ने बाबा."

भूपेशला ते ऐकून वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून जास्त नवल वाटलं, हेही खरं. म्हातारा माणूस वस्तू विसरतो, त्यात विशेष काही नाही. पण विसरलेली वस्तू सापडते. कणगीत नाही, देवघरात नाही, मग ती गेली कुठे?

रविवारी तो स्कूटरवरून चिंचोटी फाट्याला वळला आणि आतल्या रस्त्यानं गावात पोचला. भात कापून झालं होतं, खळ्यावर पेंढा पडला होता. अंगणात आंब्याखाली पांढरी मारुती उभी होती. टपावर पाल्याचा थर होता, पण चाकांत हवा होती. काळूराम पायरीवर बसलेले होते. डोकीवरचे केस नुकते कुठे वाढायला लागलेले, अंगात बंडी, कमरेला पंचा. हितेशनं बॉनेट बाहेरूनच तारेनं उचकून उघडलं होतं आणि तो आत वाकून चार्ज करून आणलेली बॅटरी बसवत होता. त्याची बायको रचना चहा घेऊन आली.

भूपेशला जुन्या गाड्यांचं फार प्रेम. हल्ली किल्लीच्या पोटात चिप असते, लॅपटॉप जोडावा लागतो, कानशीला काम उरत नाही. ह्या मारुतीला एकच साधी किल्ली, तीच दाराला आणि तीच स्टार्टरला. त्यानं कोरी किल्ली काढली, मेणबत्तीच्या धुरावर काळी केली, दाराच्या कुलपात घालून जरा जोर देऊन हलवली आणि बाहेर काढली. आतल्या पट्ट्या जिथे टेकल्या तिथे बारीक खुणा उमटल्या होत्या. त्या खुणांवर दोन हात कानस, पुन्हा धूर, पुन्हा कुलूप. काम असं चाललं की तोंड मोकळंच असतं.

"काका, गाडी तुम्हीच चालवायचा?"

"मी? छे रे! मना कुठं येतं?" काळूराम म्हणाले. "ती चालवायची, जिजा. तिचा माहेर आगाशीचा. भावाचे टेम्पोवर शिकली. भाजी भरायची नि वसईचे बाजारात न्यायची. मी आपला बाजूला बसायचो."

भूपेशची कानस थांबली. "चालवायच्या त्या, आणि किल्ली तुमच्याकडे?"

"तिचे हाती किल्ली टिकायची नाय. लुगड्याला कुठं खिसा असतो? पदराला बांधायची, पदर धुवायला जायचा. मंग मीच ठेवायला लागलो, हितं." त्यांचा हात आपोआप कमरेशी गेला. "करदोड्याला. लोखंड अंगाला टोचतं म्हनून चिंधीत गुंडाळून. ती गारीत बसली का हात पुढं करायची. बघायचीपन नाय माझेकडं. नुसता हात. मी सोडून द्यायचो."

म्हणजे जिला गाडी येत होती तिच्याकडे किल्ली नाही, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याला गाडी येत नाही. दोघांपैकी एकट्याला कुठेच जाता येत नव्हतं. भूपेशनं इतकी वर्षं किल्ल्या केल्या, पण किल्ली ठेवायची अशी तऱ्हा ऐकली नव्हती.

"मग ती कमरेवरून गेली कुठे?"

काळूरामांचा चेहरा उतरला. "तेच आठवत नाय ना भाऊ. तिला हास्पिटलात नेली तवा मी काढली आसंल. कुठंतरी ठेवली आसंल. रोज वेगळाच जागा आठवतो. डोळं मिटलं का मना कणगी दिसते, सकाळी उठून बघतो, नाय." ते हळू आवाजात म्हणाले, "आयुष्यात कंदी हरवली नव्हती. आता डोकाच जायाला लागला."

बॉनेटमागून हितेश म्हणाला, "बाबा, असू दे ना आता." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण तो ज्या समजुतीनं बोलला ती रागापेक्षा वाईट होती. लहान पोराशी बोलावं तसं तो बापाशी बोलत होता. काळूरामांनी मान खाली घातली.

भूपेशनं शेवटचा हात मारला. किल्ली दारात फिरली, खटका वर आला. दार उघडल्याबरोबर कोंडलेली हवा बाहेर आली, तिला अजून मेथीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. काळूराम उठून उभे राहिले.

रचनाला गाडी येत होती. ती चालकाच्या जागेवर बसली, किल्ली घातली, पण स्टार्टरमध्ये ती काही फिरेना. भूपेशनं करून पाहिलं, त्याच्याही हाताला दाद नाही. जोर केला तर मोडेल. दाराचं कुलूप उघडतं आणि स्टार्टर नाही, म्हणजे आतला भाग झिजलाय, तो खोलून काढावा लागणार, असं तो हितेशला सांगायला लागला. तेवढ्यात काळूराम पलीकडून आले आणि रचनाच्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांची नेहमीची जागा तीच असणार, कारण बसताना त्यांनी वाकून न बघता पायाखालचं गोणपाट सरकवलं.

"पुरी आत नको घालू," ते सुनेला म्हणाले. "नखाएवढी मागं वड. हां. आता स्टेरिंग जरा माझेकडं वळव. आता फिरव."

रचनानं फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. झाडावरचे कावळे उडाले. रचना आनंदानं ओरडली, "बाबा! तुम्हाला कसं माहीत?"

"रोज बघायचो ना."

भूपेश तिथेच उकिडवा बसून राहिला. त्याच्या डोक्यात आता दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. ज्या माणसाला बायकोच्या हाताची नखभर हालचाल आठवते, त्याचं डोकं गेलेलं नाही. मग ह्यानं किल्ली ठेवलीच नसेल तर? ह्याच्याकडून ती दुसऱ्याच कुणी नेली असेल तर? पण अंगावरची किल्ली अंगावर असताना नेणार कोण?

गाडी बंद करून रचनानं किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली. सवयीनं त्यांनी बंडी वर केली, करदोडा बोटानं ओढला आणि मग आपण काय करतोय हे ध्यानात येऊन थबकले. भूपेशची नजर त्या दोऱ्यावर गेली. काळाकुळकुळीत दोरा. घामानं विटलेला नाही, कुठे तंतू सुटलेला नाही.

"काका, हा करदोडा नवीन आहे?"

"हां. दहाव्याला बांधला. आमच्यात दहाव्याला सगळे पुरुषांचा जुना काढतात, नवा बांधतात."

"आणि जुना?"

"जुना घरात आनायचा नसतो. खाडीला सोडायचा."

भूपेशनं पुढचं विचारलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर आधी सापडलं होतं आणि प्रश्न विचारायचं धाडस होत नव्हतं. पण हितेशनं बॉनेट धाडकन खाली सोडलं होतं. तो बापाच्या कमरेकडे बघत होता.

"मी कापला," हितेश म्हणाला. "बाबांचे हात थरथरत होते. सगळे ओलेत्यानं उभे होतो. न्हावी दुसरीकडे होता म्हणून कात्री मी घेतली. त्याला काहीतरी बांधलेलं होतं, चिंधीत. मला वाटलं ताईत आहे." तो थांबला. "मीच पाण्यात सोडला, बाबा."

शेजारच्या अंगणातली कोंबडी गाडीखालून पलीकडे गेली. काळूराम हातातल्या नव्या किल्लीकडे बघत बसले आणि मग त्यांच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला. इतके दिवस तो त्यांनी कुठे कोंडून ठेवला होता कोण जाणे.

"म्हंजे मी इसरलो नाय," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"मी ठेवलीच नव्हती कुठं. माझे कमरेलाच होती."

"कमरेलाच होती." हितेशचा आवाज फाटला. "मी तुम्हाला उगाच..." तो गाडीच्या दारापाशी खाली बसला, आणि बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांचेही केस अजून आखूडच होते.

हात तसाच ठेवून काळूराम हसले. खाडीच्या बाजूला बघत म्हणाले, "तिची राखपन तिथंच सोडली. तिसऱ्या दिवशी, त्याच घाटावर." मग सगळ्यांना समजावून सांगावं तसं म्हणाले, "तिनं हात केला आसंल. गारी तिचीच. मी दिली."

रचनानं पदर डोळ्यांना लावला. काळूरामांनी नवी किल्ली चिंधीत गुंडाळायला घेतली, मग विचार बदलून तशीच सुनेपुढे धरली. ती म्हणाली, "तुमच्याकडेच असू द्या, बाबा. मी दर रविवारी येऊन हात करीन." त्यावर त्यांनी मुकाट्यानं करदोड्याची गाठ सोडली आणि किल्ली ओवली.

भूपेशनं कानशी गोळा केल्या. पिशवीत हात घातला तर तळाशी ते दणकट कुलूप लागलं, कागदात बांधलेलं, दोन किल्ल्यांसकट. त्यानं ते बाहेर काढून हितेशपुढे धरलं. हितेशनं कुलपाकडे पाहिलं, मग पायरीकडे. काळूराम पुन्हा तिथे जाऊन बसले होते आणि चहा गार झाला म्हणून सुनेकडे कुरकुर करत होते.

"हे परत घेऊन जा," हितेश म्हणाला.

भूपेशनं कुलूप पिशवीत टाकलं आणि स्कूटरला किक मारली. का, ते त्यानं विचारलं नाही.