भोंगाबाई थांबायला शिकली

बावीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेल्या बाईला गाडी चालवता येत नाही, असं कागदावर लिहून द्यायला छातीच लागते. पण परीक्षकसाहेबांनी ते दोनदा लिहून दिलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांचं बरोबरच होतं.

भोंगाबाई हे तिचं जुन्या दवाखान्यातलं नाव. भोंगा वाजवत निघाली की रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. नवऱ्याच्या बदलीपायी ती या परदेशी शहरात आली आणि सगळंच उलटं झालं. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर फिरायचे. तेवढं जमवलं असतं हो, पण चौकातलं ते मेलं सर्कल! आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, आपण थांबायचं. आणि थांबणं तर ही बाई जन्मात शिकली नव्हती. इथल्या लायसनच्या परीक्षेत दोन्ही वेळा थेट घुसली, दोन्ही वेळा नापास.

आता शेवटची संधी उरली होती. इथल्या हॉस्पिटलाने ड्रायव्हरची जागा तिच्यासाठी महिनाभर धरून ठेवली होती. तोवर ती तिथेच तळघरात चादरी धूत होती. वर ॲम्ब्युलन्स निघाली की भोंगा खाली ऐकू यायचा, आणि तिचा पाय फरशीवरच ॲक्सिलरेटर दाबायचा.

"नियम तुला पाठ आहेत गं, तुझ्या पायांना माहीत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. चाकांचा वॉकर घेऊन चालणारी आणि पत्त्यांत सर्रास लबाडी करणारी ही म्हातारी. त्यांनीच खेळ काढला. जेवणाचं टेबल खोलीच्या मधोमध ओढायला लावलं: हे सर्कल. घरात चालायचं ते उजव्या कडेने. टेबलाभोवती जो फिरत असेल त्याला आधी वाट द्यायची. चुकेल त्याने भांडी घासायची.

पहिल्या आठवड्यात सगळी भांडी भोंगाबाईनेच घासली. नवरा एवढा खूश, की चालताना शिट्टी वाजवायला लागला. सासूबाईंनी तर कहर केला. सून चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, की या वॉकर ढकलत टेबलाला फेऱ्या मारत सुटायच्या. एक फेरी, दुसरी, चौथी.

"अहो आई, चहा गार झाला!"

"होऊ दे. मी आत आहे ना?"

"मुद्दाम करताय तुम्ही!"

"मग? रस्त्यावरचे काय तुझे लाड करणार आहेत?"

एकदा चिडून तिने तोंडानेच भोंगा वाजवला आणि घुसली. "भोंगा लायसन आल्यावर!" सासूबाई गरजल्या, आणि दोन दिवसांची भांडी वाढली. पण तिसऱ्या आठवड्यात गंमत झाली. दारापाशी आली की तिचे पाय आपसूक थांबायला लागले. भांडी नवऱ्याकडे गेली आणि शिट्टी बंद पडली.

परीक्षेच्या दिवशी सर्कलपाशी गाड्यांची रीघ लागली होती. परीक्षक शेजारी, पेन उघडून तयार. पहिली गाडी गेली, तिसरी गेली, सातवी गेली. बाई थांबलेली. मनात म्हणत होती, फिरा आई, किती फिरायचं ते फिरा. वाट मोकळी झाली, ती पुढे सरकणार, तोच मागून भोंगा! बावीस वर्षं जो तिच्या डोक्यावर वाजला, तो आज पाठीमागे. तिने उजवा इंडिकेटर दिला, वायपर नव्हे, गाडी कडेला घेतली आणि ॲम्ब्युलन्सला वाट दिली. आयुष्यात पहिल्यांदा!

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "झालं. पास आहात तुम्ही."

सोमवारी सकाळी नवा गणवेश घालून, किल्ली हातात घेऊन बाई खोलीतून बाहेर आली. सासूबाईंच्या फेऱ्या चालूच होत्या. खेळ संपला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून ऐकणार कोण? बाई सवयीने थांबली. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वॉकर भिंतीकडे घेतला आणि ब्रेक दाबला.

"उभी काय राहिलीस? नीघ. ॲम्ब्युलन्स आधी."

बाईचे डोळे भरून आले. तिने तोंडाने मोठ्ठा भोंगा वाजवला आणि तो वाजवतच जिना उतरली.