घमेलंभर माती

त्या मावशींनी मला सावरलं. त्यांचं नावही मला माहीत नाही.

आठवीतून शाळा सोडून मी लातूरकडून कोल्हापूरला फाउंड्रीत कामाला आलो. पुढं गावाकडं आई वारली. आमच्यात पुरतात. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माझी मूठभर मातीही तिला मिळाली नाही.

परत आल्यावर एका रविवारी इथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीला टेकून रडत होतो. आत शेजारच्या वस्तीतली माणसं पावसानं खचलेल्या थडग्यांवर माती घालत होती. पांढऱ्या केसांच्या एक मावशी पदर खोचत बाहेर आल्या.

"पावणं, रडायला हीच भिंत घावली व्हय? चला, घमेलं उचला."

ज्यांचं कुणी उरलं नाही, त्यांची थडगी त्या वस्तीतल्या घरांनी देखभालीला वाटून घेतलीत. मावशींच्या वाट्याच्या दगडावरची अक्षरं पार झिजली होती.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाय. कुणाची तरी आईच असंल की. घाला माती."

मी घातली. त्यांनी ती तळहातानं हळूहळू थापली.

निघताना हसत म्हणाल्या, "मला बी कुणी न्हाय. माझ्यावर गवत माजू देऊ नगा, म्हंजे झालं."

मी घमेलं ठेवून तसाच निघालो, याची रुखरुख आहे. मावशी, नाही माजू देणार.