नाव टाकलेल्यांचा पोस्टमन

निवृत्त झाल्यावर पोस्टमनकाका दर रविवारी सकाळी दहाला लोकांना आपली जुनी गल्ली पायी फिरवून दाखवू लागले. पन्नास वर्षांपूर्वी इथे घरदार, नोकरी आणि न्हावी या तिघांनाही रामराम ठोकलेली तरुण मुलं राहत. भिंती रंगवत, एका चुलीवर खात, हाताने फिरवायच्या यंत्रावर पत्रकं छापत. त्यांच्यावर पुस्तकं निघाली आहेत. पण कुठल्या खोलीत किती जण झोपत आणि कोणत्या पायरीवर पाय घसरतो, हे काकांनाच ठाऊक.

तिमजली निळ्या घरासमोर ते नेहमीचा किस्सा सांगत. इथल्या मंडळींनी आईबापांनी ठेवलेली नावं टाकून दिली होती. "मी धापा टाकत वर जायचो, पाकिटावरचं नाव पुकारायचो. दाराशी जो असेल तो ओरडायचा, 'या नावाचं इथे कुणी नाही!' की पत्रं परत, गठ्ठ्यानं!"

सगळे हसले. साठीच्या एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "परत पाठवताना पाकिटावर काय लिहायचात?"

"घेण्यास नकार."

"'सापडत नाही' असं का नाही?"

"अहो, तसं लिहिलं की चौकशीला पुन्हा दोनदा यायचं. म्हणजे पुन्हा तीन जिने. 'नकार' लिहिला की त्याच दिवशी मोकळा." काका हसत होते, पण बाईंचा चेहरा पाहून थांबले.

"माझा दादा इथे राहायचा," बाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "वडिलांनी चार पत्रं धाडली. चारही तसाच शेरा घेऊन परत आली. 'त्याला आपण मेलो,' म्हणून वडिलांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. ते गेले तेव्हाही आम्ही त्याला कळवलं नाही."

काका पायरीजवळ आले. मग म्हणाले, "बाई, नकार तुमच्या दादांनी दिला नाही. मी लिहिला. त्यांच्यापर्यंत पत्रं पोचलीच नाहीत."

घोळक्यातून कुणीतरी विचारलं, "काका, पुढे छापखाना आहे ना?"

"छापखाना कुठे पळत नाही. थांबा जरा." आणि बाईंकडे वळून, "दादा आहेत?"

"आहे. नंबरही आहे. पण वडिलांनी पत्रं धाडली होती, हे मी सांगितलं तर पटायचं नाही त्याला. आमच्या घराण्याचं डोकंच तसलं."

"मग मी सांगतो. लावा."

बाईंनी फोन लावून त्यांच्या हाती दिला. काकांनी टोपी काढून काखेत धरली.

"नमस्कार. मी निळ्या घराचा पोस्टमन बोलतोय."

 पलीकडून एक घोगरा आवाज आला, "कोण, ज्याला दुसऱ्या जिन्यावरच दम लागायचा तो?"

"तोच," काका म्हणाले. "बसला आहात ना? माझ्या हातून तुमच्या घराचं एक फार मोठं नुकसान झालंय. आणि तुमची बहीण इथे शेजारी बसली आहे."